मागे किती जण बसलेत?

ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या माणसाला सिनेमा सरळ बघता येत नाही. पडद्यावर नायिका रडत असते आणि हा मागे व्हायोलिनं किती लावलीत ते मोजत बसलेला असतो. माझी ही खोड घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको म्हणते, तुम्ही थिएटरच्या आत येऊच नका, बाहेर उभे राहून ऐका, तेवढंच तिकीट वाचेल.

मी सॅक्सोफोन वाजवायचो. पोटासाठी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टर्नर, आणि गणपती, नवरात्र, लग्नसराई आली की ऑर्केस्ट्रा. कालिदास नाट्यगृहात तिकीट लावून झालेले शो थोडे. सिन्नर, निफाड, पिंपळगावला मंडळांपुढे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून केलेल्या स्टेजवर वाजवलेले शो फार. डिसेंबरात उघड्यावर वाजवताना बोटं अशी गारठायची की चाव्या दाबल्यात की नाही तेच कळायचं नाही. असो.

माझा भाचा मुंबईत साउंड एडिटिंग करतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा जुन्या अमेरिकन सिनेमांनी भरलेली हार्ड डिस्क ठेवून गेला. "मामा, हे सालाप्रमाणे बघा आणि संगीतात काय बदललं ते मला सांगा." रिटायर माणसाला कामाला लावायची ही त्याची पद्धत. हिवाळाभर रात्री हेडफोन लावून बघत गेलो. संवाद सबटायटलच्या आधाराने कळले, वाजवणारे मात्र आधाराशिवाय कळले.

सुरुवात 'किंग काँग'पासून, साल 1933. संगीत मॅक्स स्टायनरचं, माणूस मूळचा व्हिएन्नाचा. बोलपट येऊन फार वर्षं झालेली नव्हती आणि संवादांखाली सतत वाद्यवृंद चालवायचा की नाही हेच तोवर पक्कं ठरलेलं नव्हतं. स्टायनरने ते ठरवून टाकलं. पात्राने पायरी उतरली की संगीत पायरी उतरतं, कुणी दचकलं की पितळी वाद्यं दचकतात. 1935 च्या 'द इन्फॉर्मर'मध्ये तर पाण्याचे थेंब पडतात त्या बरोबरीने सूर पडतात. तमाशात बाईच्या पावलाला पाऊल लावून ढोलकीवाला वाजवतो, तसंच हे, फक्त ढोलकीच्या जागी अख्खा वाद्यवृंद. हे जमवायचं कसं? फिल्मवर ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, त्यांचा टक्‌टक् आवाज कंडक्टरच्या कानात सोडायचा आणि त्या ठेक्यावर पन्नास माणसं चालवायची. आमच्या कीबोर्डवाल्याच्या कानात पुढे जो क्लिक आला, त्याचा आजा हा.

व्हिएन्नाचाच दुसरा कोर्नगोल्ड. लहानपणापासून तिकडे नावाजलेला, ऑपेरा लिहिणारा. 1938 मध्ये 'रॉबिन हूड'च्या कामासाठी तो अमेरिकेला गेला आणि तेवढ्यात हिटलरने ऑस्ट्रिया घेतला. कोर्नगोल्ड ज्यू होता. त्या सिनेमाने आपला जीव वाचवला, असं तो म्हणायचा. त्याचं संगीत आजही ऐकावं, तलवारबाजीला असं वाजवलंय की वाजवणाऱ्यांचे ओठ फुटले असतील. पण सुरांची भाषा सगळी जुन्या युरोपची. पडद्यावर इंग्लंडचं जंगल असो की आफ्रिकेचं, मागे व्हिएन्नाचं ऑपेरा हाउसच बसलेलं.

आणि ही माणसं तिथे बसलेली असायची ती पगारावर. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर सगळ्या सिनेमांकडे बघायची माझी नजरच बदलली. आपल्याकडे मुंबईत आमच्या काळी वादक रोजावर: रेकॉर्डिंग असेल तो दिवस त्याचा. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंचे वाद्यवृंद मात्र मस्टरवर होते, पन्नासच्या आसपास माणसं, वर्षाच्या कराराने. त्यांच्याबरोबर संगीतकार, स्केच बघून वाद्यांची वाटणी करणारे ऑर्केस्ट्रेटर, पार्ट उतरवून देणारे कॉपिस्ट, असा एकेक अख्खा विभाग. फॉक्समध्ये 1940 पासून 1960 पर्यंत या विभागाचा मुख्य आल्फ्रेड न्यूमन. एमआयडीसीतल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. हा कारखानाच. आणि कारखान्याचा एक नियम असतो: मस्टरवर पन्नास माणसं आहेत तर पन्नास जणांना काम द्यायचं. पगार तर द्यायचाच आहे, मग एकट्या क्लॅरिनेटला पाच मिनिटं कोण सोडेल?

माझं म्हणणं एवढंच आहे. 1950 आणि 60 च्या दशकात अमेरिकन सिनेमाचं संगीत बदललं, जॅझ आलं, गाणी आली, चमत्कारिक आवाज आले. पुस्तकी लोक त्याची कारणं अभिरुचीत शोधतात. मला निम्मी कारणं मस्टरमध्ये दिसतात.

बदलाचा पहिला धागा मला 1944 मध्ये लागतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत दादासाहेब फाळके आपल्या नाशकात वारले. ज्या माणसाने मुका सिनेमा या देशाला दिला, तो जाताना तिकडे सिनेमाचा आवाज कूस बदलत होता, हे माझ्या मनातून जात नाही. तर त्या वर्षीचा 'लॉरा'. एका खून झालेल्या बाईच्या तसबिरीवर पोलीस अधिकारी जीव लावून बसतो. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरला तिथे ड्यूक एलिंग्टनचं आधीचं प्रसिद्ध गाणं वापरायचं होतं. संगीतकार डेव्हिड रॅक्सिन अडून बसला, तर त्याला सांगितलं, शनिवार-रविवार घे, सोमवारी दुसरं काही आण. त्याने आणलं ते एकच चाल, आणि अख्ख्या सिनेमात तीच फिरते. कुणी पायरी उतरलं म्हणून ती वाजत नाही. बाई समोर नाही, तिची तसबीर आहे, आणि तो माणूस काय विचार करतोय ते फक्त ती चाल सांगते. दिसणाऱ्याच्या मागे धावणं सोडून संगीत न दिसणाऱ्याकडे वळलं ते इथे, असं मला वाटतं.

या प्रेमिंजरचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येतो.

मग 1948. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर मोठ्या स्टुडिओंना सांगितलं की तुम्हीच सिनेमा बनवायचा आणि तुमच्याच थिएटरांत लावायचा हे चालणार नाही. थिएटरं विकावी लागली. त्याच सुमारास घरोघर टीव्ही शिरला. माल खपण्याची हमी गेली की कारखान्यात आधी काय कापतात? आमच्या कंपनीत पेंट शॉप आणि कँटीन कंत्राटावर गेलं. तिकडे नजर वाद्यवृंदाकडे वळली. लगेच नाही, पण वळली.

मधल्या काळात माझं वाद्य आलं. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर', 1951, संगीत अॅलेक्स नॉर्थ. दिग्दर्शक एलिया कझान याने त्याला न्यूयॉर्कच्या नाटकांतून आणलेला. गोष्ट न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीतली, म्हणून नॉर्थने जॅझ घेतलं, आणि ते कुठल्या क्लबात बँड वाजतोय म्हणून नव्हे तर थेट पात्रांच्या डोक्यात. त्याआधी सॅक्सोफोन म्हणजे दारूचा गुत्ता नाहीतर वाईट चालीची बाई. आपल्याकडेही काय वेगळं होतं? मी स्टेजवर सॅक्स उचलला की समोरची पोरं हेलनची एन्ट्री असल्यासारखी शिट्ट्या मारायची. नॉर्थने त्या सुरांना माणसाचं मन दिलं.

तर ते सुद्धा खपलं नाही! जिना उतरून बायको नवऱ्याकडे परत येते, तिथलं जॅझ कॅथलिक लोकांच्या लीजन ऑफ डीसेन्सी या संस्थेला फारच अंगावर येणारं वाटलं. स्टुडिओने कझानला न विचारता सिनेमाची काही मिनिटं कापली आणि त्या जिन्यावर दुसरं, सोज्वळ संगीत घातलं. दृश्यं कापलेली ऐकली होती. चालीवर कात्री चालवलेली मी प्रथमच ऐकली. जुनी दुरुस्त केलेली प्रत 1993 मध्ये निघाली, त्यात मूळ संगीत आहे. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, मग पाद्र्यांचे कान किती तयार होते ते कळेल.

पुढच्या वर्षी 'हाय नून'. दिमित्री टिओमकिनने सुरुवातीलाच टेक्स रिटरच्या आवाजात एक गाणं टाकलं आणि तीच चाल पुढे सिनेमाभर वापरली. फ्रँकी लेनची रेकॉर्डही तुफान खपली. गाणं आणि पार्श्वसंगीत, दोन्हीला ऑस्कर. यानंतर प्रत्येक निर्मात्याला आपल्या सिनेमाला एक गाणं हवं झालं, कारण गाणं रेडिओवर फुकट जाहिरात करतं. आपल्याला यात नवल ते काय? आपल्याकडे तर आधी गाणी बाजारात येतात, मग सिनेमा. त्यांना ते 1952 मध्ये उमगलं एवढंच. पण वाद्यवृंदवाल्या संगीतकारांना हे लागलं. लांबच्या लांब पार्श्वसंगीत लिहिणाऱ्याला आता तीन मिनिटांची गुणगुणता येईल अशी चाल मागत होते.

1953 मध्ये एक गोष्ट घडली ती कुठल्या सिनेमात दिसत नाही. लॉस एंजेलिसला वादकांच्या दोन युनियन होत्या: गोऱ्यांची लोकल 47 आणि काळ्यांची लोकल 767. स्टुडिओची चांगली कामं पहिलीला. त्या वर्षी दोन्ही एक झाल्या आणि त्यासाठी खपलेल्यांत बडी कॉलेट हा सॅक्सोफोन आणि फ्लूट वाजवणारा होता. जॅझ ज्यांचं, त्यांनाच जॅझच्या पार्श्वसंगीताच्या खुर्चीवर बसायला हे इतकं करावं लागलं.

आता प्रेमिंजर पुन्हा. 1955, 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'. फ्रँक सिनात्रा नशेच्या आहारी गेलेला, ड्रमर व्हायचंय त्याला. संगीत एल्मर बर्नस्टाईनचं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकतात आणि ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, असा धडकतो की मी हेडफोन काढून आवाज कमी केला. ड्रम शेली मॅनचे, जॅझचे भाग शॉर्टी रॉजर्सचे, दोघेही पडद्यावर दिसतात. पुढे 1959 ला 'अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' साठी प्रेमिंजरने थेट ड्यूक एलिंग्टनलाच बसवलं. ज्याचं गाणं 'लॉरा'त घ्यायचं राहिलं होतं, त्याच्याकडे पंधरा वर्षांनी अख्खा सिनेमा दिला. बाकी दिग्दर्शक म्हणून हा माणूस किती भांडकुदळ होता याच्या कथा आहेत, पण कान त्याचे शाबूत होते.

1956 चा 'फॉरबिडन प्लॅनेट' मी मोजायला बसलो आणि मागे कुणीच सापडेना. एकसुद्धा वादक नाही! लुईस आणि बेबी बॅरन या नवरा-बायकोने विजेची सर्किटं जुळवून, ती तापवून जाळून त्यांचे आवाज टेपवर घेतले आणि अख्खा सिनेमा त्यावर चालवला. युनियनच्या भानगडीमुळे श्रेयनामावलीत त्याला 'संगीत' म्हणूच दिलं नाही, इलेक्ट्रॉनिक आवाज असं काहीतरी लिहिलं. मला युनियनची बाजू कळते. आमच्या ऑर्केस्ट्रात पहिला कीबोर्ड आला तेव्हा व्हायोलिनवाल्यांनी हसून घेतलं होतं. वर्षा-दोन वर्षांत स्टेजवर एक व्हायोलिन उरलं, तेही फोटोसाठी. पण बॅरन दांपत्याचे ते आवाज रात्री एकट्याने ऐकले की अंगावर काटा येतो, हेही तितकंच खरं.

आणि मग 1958. वादकांनी स्टुडिओंविरुद्ध संप केला. संप लांबला, युनियन फुटली, गिल्ड नावाची नवी संघटना उभी राहिली, आणि शेवटी करार झाला त्यात पगारी वाद्यवृंद कायमचे गेले. यापुढे ज्या सिनेमाला जेवढी माणसं लागतील तेवढी बोलवायची. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' नेमका या संपात सापडला. बर्नार्ड हर्मनने लिहिलेलं संगीत म्युर मॅथिसनने लंडनला वाजवून घ्यायला सुरुवात केली. तिथल्या वादकांनी अमेरिकन संपकऱ्यांना पाठिंबा म्हणून काम थांबवलं, मग उरलेलं व्हिएन्नात पुरं केलं. आपलं संगीत दुसऱ्याने कंडक्ट केल्याचा राग हर्मनला होताच. संपावर बसलेल्या कामगाराला परदेशातल्या कामगाराने अशी साथ दिली हे वाचून मला मात्र आमच्या गेटमीटिंगा आठवल्या. आम्हाला शेजारच्या प्लॉटवरच्यांनी साथ दिली नव्हती.

याच 1958 मध्ये युनिव्हर्सलने संगीत विभाग आवळला आणि हेन्री मॅन्सिनीची नोकरी गेली. मॅन्सिनी स्टुडिओच्या आवारातल्या न्हाव्याकडे केस कापायला गेला, बाहेर पडताना ब्लेक एडवर्ड्स भेटला. एडवर्ड्स एक टीव्ही मालिका काढत होता, 'पीटर गन'. टीव्हीचं बजेट ते काय असणार, म्हणून मोजकी माणसं, गिटारचा एकच घोळवलेला ठेका, वर ब्रास. त्याची एलपी इतकी चालली की ग्रॅमी पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्तम अल्बमचा मान तिला मिळाला. पुढे 'मून रिव्हर' हे गाणं, पुढे 1963 चा 'पिंक पँथर'. तो टेनर सॅक्स प्लास जॉन्सनचा. ई मायनर. भारतातला असा सॅक्सवाला दाखवा ज्याने तो वाजवला नाही. आम्ही शो सुरू करायचो त्यानेच. निफाडला एकदा एका आजोबांनी विचारलं, गाणारी कधी येणार? मी म्हटलं, आजोबा, हेच गातंय.

संगीतकार म्हणून बघितलं तर हा सुवर्णकाळ. पन्नास जणांना पोसायचं बंधन गेलं, आता हव्या त्या चार वाद्यांचा संच बांधा. 'सायको', 1960: हिचकॉकने टीव्हीचं युनिट घेऊन कमी पैशात, कृष्णधवल काढलेला. हर्मनने ब्रास नाही, लाकडी फुंकवाद्यं नाहीत, ड्रम नाही, फक्त तंतुवाद्यं घेतली. शॉवरखालच्या खुनाला संगीत नको असं हिचकॉकने सांगितलं होतं. हर्मनने तरी लिहून ठेवलं आणि ऐकवलं. हिचकॉकने मत बदललं. जी व्हायोलिनं तीस वर्षं प्रेमप्रसंगांत विरघळत होती, तीच इथे सुऱ्यासारखी किंचाळतात.

इथे भाच्याने फोनवर मला धरलं. "मामा, तुमचा मस्टरचा सिद्धांत ठीक आहे, पण हर्मनने 1951 मध्ये 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' फॉक्सच्या पगारी जमान्यातच केला ना? दोन थेरेमिन, म्हणजे हात न लावता वाजणारी विजेची वाद्यं, विजेचं व्हायोलिन, ऑर्गन. तेव्हा कुणी अडवलं त्याला?" मुद्दा बरोबर आहे. हर्मन कुठल्याही कारखान्यात हर्मनच राहिला असता. स्वतःच्या संगीताची वाद्यवाटणीसुद्धा तो दुसऱ्याला करू देत नसे. पण एखाद्या हट्टी माणसाने केलं ते वेगळं आणि सगळ्यांचीच रीत झाली ते वेगळं. रीत झाली ती मस्टर गेल्यावर.

आणि जे मस्टर गेल्यामुळे मिळालं, ते बाजाराच्या हाती गेलं. हिचकॉकच्या 1966 च्या 'टॉर्न कर्टन'ला स्टुडिओला खपेल असं संगीत हवं होतं. हर्मनने सोळा हॉर्न, बारा बासऱ्या, नऊ ट्रॉम्बोन मांडले! हिचकॉक रेकॉर्डिंगला आला, थोडं ऐकलं आणि काम बंद करायला लावलं. ते संगीत गेलं, जॉन अॅडिसनचं आलं, आणि दोघांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही. 1967 च्या 'ग्रॅज्युएट'ला सायमन आणि गारफंकेलची बहुतेक गाणी आधीच बाजारात असलेली. संकलनापुरती लावली होती, ती दिग्दर्शकाला इतकी बसली की तशीच राहिली. भाचा म्हणतो, आजही हेच चालतं. एडिटवर कामचलाऊ म्हणून कुठलंतरी संगीत टाकतात, दिग्दर्शक महिनाभर तेच ऐकतो, मग संगीतकाराला म्हणतो, असंच करून दे.

त्याचा सगळ्यात मोठा बळी पुन्हा अॅलेक्स नॉर्थ. दिग्दर्शक कुब्रिकच्या '2001' या अंतराळावरच्या सिनेमासाठी त्याने लंडनला जाऊन, आजारी असताना संगीत लिहिलं, रेकॉर्ड झालं. कुब्रिकने मात्र संकलनाला लावलेल्या युरोपियन रेकॉर्डच ठेवल्या, आणि नॉर्थला हे कळलं ते 1968 मध्ये न्यूयॉर्कला सिनेमा बघताना. ते संगीत नॉर्थ 1991 मध्ये गेल्यानंतर, 1993 साली जेरी गोल्डस्मिथने पुन्हा वाजवून घेतलं. भाच्याने तेही पाठवलं. मी यान फिरतं त्या जागेला दोन्ही लावून बघितलं, एकदा नॉर्थ, एकदा श्ट्राउसचा वॉल्ट्झ. नॉर्थचं काम हलकं, सुबक आहे, वाजवायला मजा येईल असं. पण कुब्रिकच्या जागी मी असतो तर मीही बहुतेक वॉल्ट्झच ठेवला असता. नॉर्थला आधी एक फोन मात्र केला असता.